तोटीचा पीळ

प्रिय डावखुरे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी खुर्ची ओढून बसली असशील, मग पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील आणि शेवटी नेहमीसारखं नको त्या बाजूने फाडलं असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आमचे हे ठणठणीत आहेत, मी ठणठणीत आहे, आणि तुझ्यावरचा माझा राग तर आम्हा दोघांपेक्षा ठणठणीत आहे. त्याला मी वेळच्या वेळी खाऊपिऊ घालते, थंडीवाऱ्यात जपते. पत्र मुद्दाम टपालपेटीत टाकलंय. पोस्टमनच्या हाती दिलं असतं तर आज दुपारीच पोचलं असतं, पण वाटेत त्याने ते नक्की वाफेवर धरलं असतं. निवृत्त झाल्यापासून त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. जन्मभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली, त्याचं आता उट्टं काढतोय. आपल्या हौशी कुंभारांच्या मंडळाला चिटणीस मिळाला तोही असा.

रविवारी प्रदर्शन आहे, वाचनालयाच्या त्याच हॉलमध्ये. पानगळ सुरू झालीय आणि मला मान वर करायला सवड नाही. दरवर्षी मी ठरवते की पुढच्या खेपेला सगळं उन्हाळ्यातच भाजून ठेवायचं, आणि दरवर्षी पानं गळायला लागली की मी आपली मातीत कोपरापर्यंत. हवा दमट, काही म्हणता काही वाळत नाही. परवा कपांचे कान वाळावेत म्हणून केस वाळवायचं यंत्र लावलं, तर फ्यूज उडाला. माझा उडाला ते ठीक, पण शेजारच्या दंतवैद्यबाईंचाही उडाला, आणि त्यांच्या खुर्चीत तेव्हा एक गृहस्थ आ वासून बसले होते. त्यांना शेवटी दोन कप देऊन शांत केलं. त्या कपांचे कान फार दिवस टिकणार नाहीत, पण तोवर त्यांचा दात बरा झालेला असेल.

यांनी त्याहून मोठा पराक्रम केला. पांढऱ्या ग्लेझची बादली मी शेडच्या दाराशी ठेवली होती. भाजल्यावर भांड्याला चकाकी देणारा हा लेप कच्चा असताना पातळ चुन्यासारखाच दिसतो हे खरं, पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याला एवढं कळायला नको? मी बाजारातून येईपर्यंत यांनी मागची अख्खी भिंत त्याने रंगवली होती आणि कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभे होते. मी फक्त रिकाम्या बादलीत डोकावून पाहिलं. संध्याकाळी पाऊस आला आणि माझं सगळ्या मोसमाचं ग्लेझ कोबीच्या वाफ्यात वाहून गेलं. आता म्हणतात, एक कोबी भट्टीत टाकून बघ, छान चकाकेल. चष्म्याचं तर सांगायलाच नको. तो मी भट्टीच्या झाकणावर ठेवला आणि तिथेच विसरले. आता त्याची एक काडी कानाकडे जाते आणि दुसरी आढ्याकडे. हे पत्र तसाच चष्मा लावून लिहितेय, तेव्हा ओळी तिरक्या गेल्या तर तो माझ्या मनाचा तिरकसपणा समजू नकोस. तो वेगळा आहे आणि तो पुढे येतोय.

मांजर तुझ्या त्या निळ्या ताटलीत जेवतं. हो, तीच, माझ्या साठीला तू दिलेली. दुसरी भांडी नाहीत असं नाही, घरात भांड्यांशिवाय आहे काय, पण तुझ्या ताटलीत मांजर तोंड घालतं ते बघताना मला जे समाधान मिळतं ते कुठल्याही भांड्याने दिलेलं नाही. माती मळतानाही तूच असतेस. गोळा डोक्यावर उचलायचा, तुझं नाव घ्यायचं आणि टेबलावर आपटायचा. सगळी हवा निघून जाते, मातीतली. या वयात माझे खांदे इतके मजबूत आहेत ते केवळ तुझ्या कृपेने. डॉक्टरीणबाई विचारतात कुठला व्यायाम करता, आणि मी म्हणते, एका मैत्रिणीची आठवण काढते.

तुझ्या भट्टीची तार जळाली आणि तुझी भांडी पोस्टमनच्या गाडीतून माझ्याकडे भाजायला यायला लागली, तेव्हा मला वाटलं देव आंधळा नाही. शत्रूने आपणहून मान सुरीखाली आणून ठेवावी तसं झालं. पहिल्या खेपेला मी तुझे वाडगे सगळ्यात खालच्या फळीवर लावले. माझ्या भट्टीत खाली आच कमी पडते हे मला ठाऊक, तुला नाही. ग्लेझ नीट वितळलं नाही, चकाकी गेली, सगळे वाडगे मंद, राखी निघाले. मी मनात मांडे खात ते खोक्यात भरून दिले. आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन सांगत आला की मंडळात सगळ्यांनी त्या वाडग्यांना हात लावलाय, चांदणं पडल्यासारखा रंग म्हणतायत, आणि तू म्हणे मला निरोप पाठवलायस की हे कसं साधलं ते कळव. सूड घ्यायला गेले आणि तुझं नाव करून बसले. मी त्याला सांगितलं, कळव, हातगुण आहे म्हणावं.

पण वाडगे ही किरकोळ गोष्ट. खरा हिशेब किटलीचा आहे आणि तो मी या रविवारी चुकता करणार होते. म्हणजे मी एक किटली बनवणार, मंडळाच्या रीतीप्रमाणे ती दुसऱ्या कोणाला तरी ओतायला द्यायची तेव्हा ती तुझ्या हातात देणार, सगळा हॉल बघत असताना तू ओतणार, एक थेंब ओघळणार नाही, आणि मग मी तुझ्याकडे बघणार. बोलणार काही नाही. नुसतं बघणार. ते बघणं मी आरशासमोर उभं राहून बसवलं होतं. एका भुवईचा प्रश्न होता, ती वेळेवर वर जात नव्हती.

तुला ते प्रदर्शन आठवत असेल की नाही कोण जाणे. जो बोलतो तो विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही. मला टेबलावर चहाचा डाग कुठे पडला तेही आठवतं. आपल्याला चाक शिकवणाऱ्या सरांनीच घातलेली रीत, आपली किटली आपण ओतायची नाही. म्हणायचे, आपल्या भांड्याची खोड आपल्या हाताला माहीत असते, हात सांभाळून घेतो. दुसऱ्याचा हात खरं बोलतो. त्या वर्षी माझी किटली तू मागून घेतलीस. आणि किटलीही कशी, तर मी आयुष्यात बनवलेली सगळ्यात देखणी. पोट गोल, झाकण टिचकी मारावी तसं बसणारं, तोटी बगळ्याच्या मानेसारखी. मी ती कच्चीच तुझ्याकडे आणून दिली होती, कारण त्याच आठवड्यात यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तूच म्हणालीस, तू दवाखान्यात बस, माझ्याकडे भट्टी आहे, भाजते मी, ग्लेझही लावते, तू फक्त रविवारी ये. मी रविवारी आले ती यांना दवाखान्यातून घरी सोडून तशीच, केसही धड विंचरलेले नव्हते. किटली टेबलावर मांडलेली. तू वाचनालयाच्या साहेबांच्या कपात ओतायला लागलीस आणि चहा कपात कमी, तोटीच्या एका बाजूने ओघळून साहेबांच्या फिकट विजारीवर जास्त. आणि तू काय म्हणालीस? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अगंबाई, हिच्या किटलीला सर्दी झालीय!"

हॉल हसला. साहेब विजार पुसत हसले. पोस्टमन तर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. तेव्हापासून या गावात माझं नाव सर्दी. बेकरीवाला विचारतो, काय बाई, सर्दी बरी आहे का? मी नुसतं रुमालाला हात लावला तरी मंडळात माना वळतात. ते सगळं मी गिळलं असतं गं. माणसं हसतात, विसरतात, दुसरं काहीतरी सापडलं की तिकडे हसायला जातात. पण सर आले होते. पुतण्याने खुर्चीतून आणलं होतं त्यांना, गळ्याभोवती तो तपकिरी मफलर. हसणं ओसरल्यावर त्यांनी किटली मागून घेतली. तोटीच्या टोकावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ती खाली ठेवली. ओरडले असते तरी चाललं असतं. थंडी संपायच्या आत ते गेले. म्हणजे त्यांनी माझं बघितलेलं शेवटचं काम ते, आणि ते बघून त्यांना वाटलं असणार की ही पहिला धडाच विसरली.

पहिला धडा तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तोटी चाकावर ओढून काढली की मातीत चाकाचा फेरा बसतो. सर म्हणायचे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तोटीचा पीळ तर भट्टीत गेल्यावरच जागा होतो. कच्ची असताना सरळ दिसणारी तोटी भाजताना थोडी फिरते, तोंड एका बाजूला कलतं आणि चहा त्या बाजूने ओघळतो. म्हणून टोक कच्चं असतानाच मुद्दाम तिरकं कापायचं, पिळाच्या उलट. कापताना वाकडं दिसलं पाहिजे, म्हणजे भाजून सरळ येतं. माझं चाक उजव्या हाताचं, तेव्हा माझी तोटी एका बाजूला तिरकी कापायची. तुझं चाक तू खटका मारून उलटं फिरवायचीस, तेव्हा तुझी दुसऱ्या बाजूला. सर तुला म्हणायचे, तू सगळं आरशात बघितल्यासारखं कर. संध्याकाळच्या त्या वर्गात एकच चांगलं चाक आपल्या वाट्याला, आणि तू उठताना खटका परत मारायला हमखास विसरायचीस. मी बसून माती दाबायचे आणि चाक उलटं सुटून गोळा माझ्या पोटावर. अर्ध्या वर्गाला माझ्या ऍप्रनकडे बघूनच कळायचं, आज डावी आधी बसली होती. डावी आणि उजवी. सरांनीच ठेवलेली नावं ती. सगळ्यांना वाटायचं आपण बहिणी आहोत, आणि आपण कधी नाही म्हटलं नाही.

प्रदर्शनानंतर तू पोस्टमनबरोबर निरोप पाठवलास, लहान मुलीसारखं काय रुसायचं. मग एकदा स्वतः आलीस. मी आतच होते, यांना सांगायला लावलं झोपलीय म्हणून. दार उघडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, माझा चेहरा तेव्हा उघडण्यासारखा नव्हता. त्या दिवसापासून किटली बंद केली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं मी तोटी म्हणून ज्या कशाला असते ते बनवायचंच सोडलं. वाडगे, ताटल्या, कुंड्या. हाताला दोष देत बसले. वय झालं, नजर गेली, अंदाज चुकतो, असं स्वतःला रोज थोडं थोडं सांगितलं. दुसऱ्यावर राग ठेवायला बळ लागतं, ते होतं माझ्यात. स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला की मात्र माणूस कप धुतानाही दचकतो.

या वर्षी वाटलं, आता पुढचं कोणी बघितलंय, एकदा शेवटची किटली करू आणि तुझं नाक ठेचू. पहिली केली ती इतक्या घाईत की तोटी चिकटवण्याआधी पोटाला भोकंच पाडली नाहीत. भाजून आल्यावर पाणी भरून तिरकी करते, तिरकी करते, काही येईना. तोटी आहे पण आत वाटच नाही. हे म्हणाले, हिला सर्दीच काय, नाकच चोंदलंय, आणि दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. दुसरीचं झाकण ग्लेझने पोटाला चिकटून बसलं, आत चुकून एक मातीची गोळी राहिलेली, ती आता नातीचा खुळखुळा झालीय. तिसरी मात्र आली. तोटी सरांनी शिकवलं तशी तिरकी कापली होती. भट्टी उघडली तर तोंड सरळ, चमच्यासारखं सरळ. पाणी ओतलं, थांबवलं. थेंब नाही. चहा ओतला, थेंब नाही. यांना दिला, मांजराला दाखवला, दंतवैद्यबाईंच्या बाकावर वाट बघत बसलेल्या लोकांनाही जाऊन पाजून आले. मग बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि मनात आलं, हात तर हाच आहे, उलट आता जास्त म्हातारा आहे. मग तेव्हा काय झालं?

ती जुनी किटली मी टाकली नव्हती. माळ्यावर होती, तिच्यात ब्रश उभे ठेवते. खाली उतरवली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तिरकं कापायला विसरून मी टोक नुसतं सरळ कापलं असतं, तर भाजून ते थोडंसं कललं असतं. हे थोडंसं नव्हतं. हे दुप्पट कललेलं होतं. म्हणजे कोणीतरी टोक तिरकं कापलेलं होतं, पण उलट्या बाजूला. असं कापणारा हात आपल्या मंडळात एकच आहे, डावखुरे, आणि ती किटली त्या आठवड्यात त्याच हातात होती.

माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो काय सांगू. आधी तुझ्यावर राग होता तो एका वाक्याचा होता. आता कळलं की आधी माझी तोटी कापलीस, मग मागून घेऊन ओतलीस, आणि वर सर्दी. चोर तो चोर वर शिरजोर! मी नवरा दवाखान्यात टाकून तुझ्यावर विसंबले आणि तू सुरी घेऊन बसलीस. सरांनी ज्याच्यावरून अंगठा फिरवला तो काप माझा नव्हताच, तुझा होता. मी त्या दिवशी इतकी माती आपटली की हे बाहेरून विचारायला आले, काही पडलं का. म्हटलं नाही, अजून नाही, पडणार आहे.

आणि दुसऱ्याच सकाळी पोस्टमन तुझं खोकं घेऊन दारात. सगळ्यात वर, कागदात गुंडाळलेली किटली. म्हणाला, जपून लावा बाई, त्यांची शेवटची भांडी आहेत ही. मी म्हटलं शेवटची म्हणजे? तेव्हा कळलं. घर विकलंस. चाक वर्गाला देऊन टाकलंस. प्रदर्शन झालं की सोमवारी मुलीकडे जाणार, कायमची. हे सगळ्या गावाला माहीत, बेकरीवाल्याला माहीत, फक्त मला नाही. त्याला मी हसून निरोप दिला. मग शेडचं दार आतून लावलं, किटली टेबलावर ठेवली, सुरीला धार लावली आणि स्पंज ओला केला. तुझी किटली अजून पुरती वाळलेली नव्हती. एक काप पुरला असता. रविवारी सगळ्यांसमोर ती माझ्या हातून ओतली गेली असती, आणि वाक्यही तयार होतं माझ्याकडे. सर्दीला औषध नाही म्हणतात, पडसं मात्र पसरतं. हेही आरशासमोर बसवलं होतं.

किटली मी उजेडाकडे फिरवली. तोटीचं टोक बघितलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? मनात आलं, अरे देवा, हिने हे चुकीचं कापलंय. उलट्या बाजूला तिरकं गेलंय. जन्म गेला तरी हिला जमत नाही. हे असंच भट्टीत गेलं तर बिचारीची शेवटची किटली वाया जाईल. आणि माझा हात पुढे झाला. बिघडवायला नव्हे. बिघडवायचं तर मी विसरलेच होते. तुझी चूक गुपचूप दुरुस्त करायला, तुला न सांगता, म्हणजे तुला वाईट वाटू नये. सुरी मातीला टेकली होती गं. आणि मग मला एकदम आठवलं की तुझं चाक उलटं फिरतं. तू बरोबरच कापलं होतंस. चुकीचं दिसत होतं ते माझ्या डोळ्याला.

मी सुरी खाली ठेवली. तुझ्या शेडमधली ती संध्याकाळ मला अशी दिसली, जणू मीच तिथे होते. मी दवाखान्यात, यांच्या डोळ्याला पट्टी, आणि तू माझी किटली उजेडाकडे फिरवतेस. तुझ्या डोळ्याला माझं टोक उलटं दिसतं. तू म्हणतेस, बिचारी, काळजीत होती, घाईत चुकलं, करते मी नीट. आणि एक शब्द न बोलता करतेस. रविवारी ती गळली तेव्हा तुला वाटलं असणार की दुरुस्त करूनही मूळचीच किटली बिघडलेली, आता ही रडेल, त्याआधी हसण्यावारी नेऊ. तुझ्या तोंडून नेहमीच नको ते निघतं, त्यात नवल नाही. पण मला चीड कशाची आली सांगू? इतकी वर्षं मी खतपाणी घालून वाढवलेला राग, त्याला खायलाच काही उरलं नाही. तू तो राग तरी नीट का नाही मिळू दिलास मला?

तुझी किटली मी होती तशी भाजली. मधल्या फळीवर, जिथे आच सगळ्यात चांगली लागते, तिथे माझ्या स्वतःच्या भांड्यांना बाजूला सारून. काल काढली. तोंड सरळ आहे. थेंब गळत नाही, मेली.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. मी गप्प राहिले असते तर सोमवारी तू निघून गेली असतीस आणि नव्या गावी सुखाने झोपली असतीस, एका रुसक्या बाईची आठवण घेऊन, जिला एवढीशी थट्टा सोसली नाही. ते मला चालणार नाही. तू दुष्टपणाने कापलं असतंस तर मी तुझी तोटी कापून फिट्टंफाट केलं असतं. पण तू ते मायेने केलंस, आणि मायेने केलेल्या गोष्टीचा सूड घ्यायचा एकच रस्ता आहे, ज्याने केली त्याला ती सांगायची. तेव्हा सांगितली. हा माझा सूड. इतकी वर्षं मी माझ्या हाताकडे बघत बसले, आता तू तुझ्या हाताकडे बघ. सरांचा तो तोटीवरून फिरलेला अंगठा मी एकटीने वाहिला, आता जाताना त्याचं अर्धं ओझं उचलून ने. आणि किटली मी पोस्टमनकडे पाठवणार नाही, ती माझ्याकडे ओलीस आहे. हवी असेल तर रविवारी स्वतः ये. रीतीप्रमाणे तुझी मी ओतेन आणि माझी तू ओतशील. नवी नव्हे, ती जुनी. डाव्या हाताने ओत, सगळ्या हॉलसमोर, आणि चहा टेबलावर सांडत असताना मोठ्याने सांग की ही तोटी कोणी कापली. लोक हसतील. हसू देत. फडकं मी आणेन.

तुझीच,
उजवी